मुलांच्या मोबाइल गेमसाठी गुणवत्तेचा बॅज मिळवावा का? नवख्या डेव्हलपरांसाठी मार्गदर्शक

लहान मुलांसाठी पहिला मोबाइल गेम तयार करणाऱ्या बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो. गेम स्टोअरवर चढतो, पहिल्या आठवड्यात नातेवाईक आणि मित्र तो डाउनलोड करतात, आणि त्यानंतर आलेख आडवा पडतो. अशा वेळी कोणीतरी सुचवते, की गुणवत्तेचा एखादा बॅज मिळवा म्हणजे पालकांचा विश्वास बसेल आणि डाउनलोड आपोआप वाढतील. हा सल्ला अगदीच चुकीचा नाही, मात्र तो अर्धवट आहे. बॅजसोबत स्टोअरमधल्या एखाद्या राखीव कप्प्यात जागा मिळत असेल, तर तो बॅज गेमला नवे पालक आणून देतो. तशी जागा मिळत नसेल, तर आधीच पानावर येऊन पोहोचलेल्या पालकाची शंका थोडी कमी करण्यापलीकडे तो फारसे काही करत नाही. पुढील टप्पे हा फरक डोळ्यांसमोर ठेवून मांडले आहेत.

टप्पा १: कोणता बॅज काय सांगतो, हे आधी वेगळे करा

वयोगटाचे मानांकन हा गुणवत्तेचा बॅज नाही, इथूनच सुरुवात करावी लागते, कारण नवखे लोक सर्वाधिक गोंधळतात ते इथेच. गूगल प्लेवर २०१५ पासून हे मानांकन आयएआरसी या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेमार्फत दिले जाते. डेव्हलपर स्वतः एक प्रश्नावली भरतो आणि त्या उत्तरांवरून भारतात '३+', '७+', '१२+' असे आकडे ठरतात. '३+' म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला हा गेम समजेल किंवा आवडेल, असा अर्थ होत नाही. त्या वयाला अपायकारक असे त्यात काही नाही, एवढेच त्यातून कळते. साध्या कॅल्क्युलेटरलाही '३+' मिळते. ॲपलने २०२५ मध्ये आपले वयोगट बदलून ४+, ९+, १३+, १६+ आणि १८+ असे केले, पण तिथेही आकड्याचा अर्थ हाच आहे. त्यामुळे 'आमच्या गेमला ३+ मिळाले आहे' हे वाक्य जाहिरातीत वापरणे व्यर्थ आहे.

दुसरा प्रकार म्हणजे स्टोअरने स्वतः दिलेली मान्यता. गूगल प्लेचा 'टीचर अप्रूव्ह्ड' हा बॅज एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्यासाठी दोनशेहून अधिक शिक्षकांनी ॲप तपासले, आणि निकष ठरवताना हार्वर्डचे जो ब्लॅट व जॉर्जटाउन विद्यापीठाच्या सँड्रा कॅल्व्हर्ट यांचा सल्ला घेण्यात आला. या बॅजसोबत 'किड्स' नावाचा स्वतंत्र टॅब आला, आणि माझ्या मते बॅजइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तो टॅब महत्त्वाचा आहे. ॲपलकडे २०१३ पासून, म्हणजे आयओएस ७ पासून, 'किड्स' ही स्वतंत्र श्रेणी आहे आणि तिच्यात पाच वर्षे व त्याखालील, सहा ते आठ आणि नऊ ते अकरा असे तीन गट आहेत.

तिसरा प्रकार खासगीपणाच्या शिक्क्यांचा. अमेरिकेत १९९८ मध्ये संमत होऊन २००० पासून अमलात आलेला 'कोपा' कायदा तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यास मनाई करतो. या कायद्याखाली तिथला फेडरल ट्रेड कमिशन हा आयोग काही खासगी प्रमाणन कार्यक्रमांना मान्यता देतो; किडसेफ आणि प्रिव्हो ही त्यांपैकी दोन परिचित नावे. अशी मान्यता कायमची नसते. २०२१ मध्ये ॲरिस्टॉटल या संस्थेचे नाव आयोगाने यादीतून काढून टाकले.

चौथा प्रकार स्वतंत्र परीक्षणांचा आणि पुरस्कारांचा आहे. अमेरिकेतील कॉमन सेन्स मीडिया ही संस्था २००३ पासून पालकांसाठी परीक्षणे लिहिते. जर्मनीत टॉमी हा पुरस्कार २००२ पासून दिला जातो आणि त्याच्या परीक्षक मंडळात मुलेच असतात. यांच्याच रांगेत प्रवेशशुल्क घेऊन सोनेरी वर्तुळाचे चित्र देणारे असंख्य पुरस्कारही उभे असतात, आणि नवखा डेव्हलपर बहुधा आधी त्यांनाच गाठतो, कारण ते लवकर मिळतात.

टप्पा २: पालकाच्या फोनवरून आपला गेम शोधून पाहा

हा टप्पा फुकटचा आहे, तरी फार थोडे लोक तो करतात. आपला स्वतःचा फोन वापरू नका; त्यावर तुमचाच गेम आधीपासून असतो आणि स्टोअरला ते ठाऊक असते. चार-पाच वर्षांचे मूल असलेल्या एखाद्या शेजाऱ्याचा किंवा बहिणीचा फोन घ्या, त्यांनाच शोधायला सांगा आणि मध्ये बोलू नका. मराठी अक्षरओळखीचा गेम शोधणारी आई देवनागरीत टंकलेखन करीलच असे नाही. ती रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहिते, किंवा माइक दाबून बोलते. त्यानंतर समोर येते ती एक यादी: लहानसे चिन्ह, नाव, ताऱ्यांचे गुणांकन. या यादीवरून अंगठा किती वेगाने सरकतो ते मोजा. चिन्ह नखाएवढे असते, आणि तेवढ्या जागेत कोणताही पुरस्कार वाचता येत नाही.

ही चूक आम्हीही केली आहे. एका परदेशी पुरस्कारासाठी शुल्क भरल्यावर मिळालेले सोनेरी वर्तुळ आम्ही मोठ्या अभिमानाने गेमच्या चिन्हावर उजव्या कोपऱ्यात बसवून पाहिले. चिन्हावर मोठा 'ळ' होता. संगणकाच्या पडद्यावर ते छान दिसत होते; फोनवर पाहिले तेव्हा वर्तुळाने 'ळ'चे अर्धे वळण झाकले होते आणि उरलेले अक्षर कोणालाच ओळखता येईना. अक्षरे शिकवणाऱ्या गेमच्या चिन्हावरचे अक्षरच वाचता येऊ नये, यापेक्षा वाईट जाहिरात नसेल. ते चित्र आम्ही स्टोअरवर पाठवलेच नाही, आणि पुढे कळले की पाठवले असते तरी चालले नसते; त्याचे कारण पाचव्या टप्प्यात दिले आहे.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की गेम खेळणारे मूल बॅज वाचत नाही आणि बॅज वाचणारा पालक गेम खेळत नाही. बॅज पालकासाठी आहे. पालक तो पाहतो तेव्हा तो बहुधा गेमच्या पानावर पोहोचलेला असतो, म्हणजे शोधाचा प्रश्न तोवर सुटलेला असतो. किड्स टॅबमध्ये मात्र पालक काहीही न शोधता, नुसता चाळत चाळत तुमच्यापर्यंत येतो.

टप्पा ३: आधी पात्रता, मग अर्ज

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्या. गूगल प्लेच्या कन्सोलमध्ये, म्हणजे डेव्हलपर आपला गेम सांभाळतो त्या पानावर, गेम कोणत्या वयोगटासाठी आहे ते जाहीर करावे लागते आणि त्यात पाच व त्याखालील, सहा ते आठ, नऊ ते बारा, तेरा ते पंधरा अशा क्रमाने पर्याय असतात. यांपैकी तेरा वर्षांखालील कोणताही गट निवडला, की कुटुंबांसाठीचे धोरण लागू होते. 'सगळ्यांनाच चालेल' म्हणून सर्व चौकटींवर खूण करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण प्रत्येक गटासोबत जबाबदारी वाढते आणि चार वर्षांच्या व चौदा वर्षांच्या मुलाला एकच गेम आवडेल असे तपासणाऱ्यालाही वाटत नाही.

जाहिराती दाखवायच्या असतील, तर लहान मुलांना त्या फक्त गूगलच्या कुटुंब-कार्यक्रमात स्वतःला प्रमाणित केलेल्या जाहिरात-एसडीकेमार्फतच दाखवता येतात; एसडीके म्हणजे तयार मिळणारे कोडचे तुकडे. पूर्ण पडदा व्यापणारी आणि खेळात अडथळा आणणारी जाहिरात पाच सेकंदांनंतर बंद करता आली पाहिजे. मुलांच्या फोनचा जाहिरात-ओळखक्रमांक बाहेर पाठवता येत नाही. ॲपलच्या किड्स श्रेणीत बाहेर नेणारे दुवे आणि खरेदीची बटणे 'पालक-दारा'मागे ठेवावी लागतात, म्हणजे मोठ्या माणसालाच जमेल असे काही करून दाखवल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. अनेक गेममध्ये यासाठी गुणाकाराचा प्रश्न विचारला जातो. पाढे पाठ करून घेणाऱ्या घरातले आठ वर्षांचे मूल 'सहा साते' ऐकताच बेचाळीस दाबून मोकळे होते, हे ध्यानात ठेवून आपल्या गेमचे दार थोडे मजबूत करावे.

घोटाळा बहुतेक वेळा या एसडीकेमधूनच होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात गूगल प्लेच्या कुटुंब-कार्यक्रमातील मुलांचे ५,८५५ लोकप्रिय मोफत ॲप प्रत्यक्ष चालवून तपासण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ॲपकडून कोपा कायद्याचा भंग होत असण्याची शक्यता दिसली, आणि त्याचे मुख्य कारण होते बाहेरून घेतलेले एसडीके. तब्बल १९ टक्के ॲप अशा एसडीकेमार्फत माहिती गोळा करत होते, ज्यांच्या स्वतःच्या अटींतच मुलांच्या ॲपमध्ये त्यांचा वापर करू नये असे लिहिले होते. हे सर्व ॲप कुटुंबांसाठीच्या कार्यक्रमात आधीच दाखल झालेले होते. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी गेममधल्या प्रत्येक एसडीकेची यादी करा, प्रत्येकाच्या अटी उघडून वाचा, आणि ज्याचे काम नेमके काय आहे ते सांगता येत नाही तो काढून टाका. मराठीतल्या छोट्या गेमला विश्लेषणाचे चार-चार एसडीके कशाला लागतात, हे मला आजवर कळलेले नाही.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेम पोहोचवायचा विचार असेल, तर कोपा तुम्हालाही लागू होतो. डेव्हलपर पुण्यात बसतो की नाशिकमध्ये, याने फरक पडत नाही. भारतातला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो, पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि मुलांचा माग काढून त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे मुलांची माहिती गोळाच न करणे. नाव, फोटो, ठिकाण यांतले काहीही न मागणारा, इंटरनेटशिवाय चालणारा गेम अर्ध्याअधिक नियमांतून मोकळा होतो.

टप्पा ४: शिक्षकाच्या नजरेने पहिली दोन मिनिटे तपासा

टीचर अप्रूव्ह्ड बॅजसाठी तपासणारे शिक्षक गेम वयाला साजेसा आहे का, त्याची घडण नीट आहे का, त्यातून मुलाला काही मिळते का आणि त्यात मुलाला आनंद वाटतो का, अशा बाजूंनी पाहतात. यांतली 'काही मिळते का' ही बाजू डेव्हलपरांना सोपी वाटते आणि बहुधा तिथेच ते घसरतात. बाल-विकासाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये शैक्षणिक ॲपसाठी चार कसोट्या मांडल्या होत्या: मूल डोके चालवते का, लक्ष विचलित न होता गुंतून राहते का, शिकलेले त्याच्या जगण्याशी जोडले जाते का, आणि दुसऱ्या माणसाशी बोलण्याला त्यातून वाव मिळतो का.

अक्षरओळखीच्या गेमवर या कसोट्या लावून पाहू. पडद्यावर 'क' आला, मुलाने त्यावर बोट ठेवले, टाळ्या वाजल्या आणि तारे उडाले, तर मुलाने फक्त बोट ठेवले. त्याऐवजी कढई, केळे आणि पेरू यांची चित्रे दाखवून 'क' कुठे ऐकू येतो असे विचारले, तर मूल ऐकते, ताडून पाहते आणि चुकतेही. त्यानंतर 'आता स्वयंपाकघरात जाऊन क ने सुरू होणारी वस्तू आईला दाखव' असे सांगितले, की चौथी कसोटीही आपोआप पुरी होते. टाळ्या आणि तारे कमी करावेत. दर स्पर्शाला होणारी आतषबाजी लक्ष गुंतवत नाही, ते फोडते.

तपासणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांत गेमचा गाभा दिसला पाहिजे. सुरुवातीलाच खरेदीचे कुलूप, लांबलचक ओळखचित्र किंवा 'आम्हाला पाच तारे द्या' अशी विनंती असेल, तर तिथेच मत बनते. ॲपलवर नव्या गेमची किंवा मोठ्या सुधारणेची माहिती संपादकांना कळवण्यासाठी डेव्हलपरांच्या 'ॲप स्टोअर कनेक्ट' या संकेतस्थळावरच नामांकनाची सोय आहे. ते प्रकाशनाच्या आदल्या रात्री न पाठवता काही आठवडे आधी पाठवावे.

टप्पा ५: स्टोअरच्या पानावर बॅज कुठे लिहायचा आणि कुठे नाही

सप्टेंबर २०२१ पासून गूगल प्लेवर गेमचे नाव तीस अक्षरांच्या आत बसवावे लागते, आणि नावात, चिन्हावर किंवा डेव्हलपरच्या नावात क्रमांक, पुरस्कार, सवलत किंवा स्टोअरच्या कार्यक्रमांचा उल्लेख चालत नाही. आमचे सोनेरी वर्तुळ इथेच अडकले असते. स्टोअरने दिलेला बॅज स्टोअर स्वतः दाखवतो. तो स्वतःच्या चित्रांत पुन्हा काढू नये. बाहेरच्या संस्थेचा खरा पुरस्कार असेल, तर चार हजार अक्षरांच्या सविस्तर वर्णनात पुरस्काराचे नाव आणि वर्ष लिहावे, एवढे पुरे. ॲपलवर 'मुलांसाठी' या अर्थाचे इंग्रजी शब्द नावात किंवा वर्णनात वापरायचे असतील, तर गेम किड्स श्रेणीतच असावा लागतो.

गूगल प्लेवर पानाचा मजकूर मराठीतही देता येतो. तो द्यावाच, आणि इंग्रजी मजकुराचे यांत्रिक भाषांतर करून देऊ नये.

टप्पा ६: बॅजने खरेच फरक पडला का, हे मोजा

गेमचे डाउनलोड दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतात: पानावर किती जण आले, आणि आलेल्यांपैकी किती जणांनी गेम घेतला. समजा, महिन्याला १,००० जण येत होते आणि त्यांतले २५० जण गेम घेत होते. बॅज मिळाल्यावर १,००० जणच आले आणि ३०० जणांनी गेम घेतला, तर बॅजने विश्वास वाढवला. १,६०० जण आले आणि ४०० जणांनी घेतला, तर प्रमाण तेच, म्हणजे २५ टक्के राहिले; इथे काम बॅजसोबत आलेल्या कप्प्याने केले. दोन्हींना 'बॅजचा परिणाम' म्हटले जाते, पण यापुढे काय करायचे ते या फरकावरच ठरते. पहिल्या स्थितीत लोकांना पानापर्यंत आणण्याचे काम अजून बाकी आहे, तर दुसऱ्या स्थितीत पानाचा मजकूर आणि चित्रे सुधारायला हवीत.

गूगलच्या कन्सोलमध्ये पानावर येणारे लोक शोधातून आले, चाळताना आले की बाहेरच्या दुव्यावरून आले, हे वेगवेगळे दिसते. ॲपलकडेही शोध आणि ब्राउझ असे भाग आहेत. बॅज मिळण्याच्या आधीचे आणि नंतरचे किमान चार-चार आठवडे ठेवून या प्रत्येक भागाची तुलना करा आणि देशही वेगळे काढा. महाराष्ट्रातला एक सापळा विसरू नका: बॅज मे महिन्यात मिळाला आणि डाउनलोड वाढले, तर श्रेय उन्हाळी सुट्टीचे असू शकते. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि आलेख पुन्हा उतरतो. तेव्हा बॅजला दोष देऊ नये.

पैसे मोजून एखादा शिक्का घेण्यापूर्वी एक स्वस्त प्रयोग करता येतो. प्लेच्या कन्सोलमध्ये पानाच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवण्याची सोय आहे. ऐंशी अक्षरांच्या छोट्या वर्णनात एकीकडे 'मुळाक्षरे ऐकून, गिरवून शिका' असे लिहा आणि दुसरीकडे 'जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही' असे लिहा. दुसऱ्या वर्णनाने अधिक पालक गेम घेत असतील, तर तुमच्या पालकांना खातरी हवी आहे आणि शिक्क्यावर खर्च करण्यात अर्थ आहे. फरक पडत नसेल, तर तोच पैसा चांगल्या आवाजात शब्द ध्वनिमुद्रित करून घेण्यात घालावा.

टप्पा ७: स्टोअरबाहेरच्या वाटा

मराठी गेम पालकांपर्यंत पोहोचण्याचा मोठा रस्ता आजही शाळेचा व्हॉट्सॲप गट हाच आहे. तिथे बॅजचे काम वेगळे होते. बालवाडीच्या ताई किंवा पहिलीचे गुरुजी एखाद्या गेमचा दुवा गटावर पाठवतात, तेव्हा उद्या एखाद्या पालकाने 'यात नको त्या जाहिराती आहेत' असे म्हटले तर उत्तर त्यांनाच द्यावे लागणार असते. परदेशातल्या शिक्षकांनी किंवा संस्थेने गेम तपासला आहे, ही एक ओळ त्यांच्या हाती असली, तर दुवा पाठवण्याचा संकोच कमी होतो. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा चालतात. तिथले पालक कोपाच्या भाषेत विचार करणारे असतात, आणि किडसेफसारखा शिक्का घेतलाच असेल तर त्याचे मोल सांगली-सोलापूरपेक्षा तिथे अधिक होईल. शिक्षकांना पाठवायच्या संदेशात बॅजचे चित्र जोडण्यापेक्षा तीन वाक्ये लिहा: गेम कोणत्या वयासाठी आहे, त्यात काय नाही, आणि वर्गात तो दहा मिनिटांत कसा वापरता येईल.

आता एक सवय लावून घ्यायची राहिली. बॅज किंवा श्रेणी मिळाली, की गेम बदलण्याचे पूर्वीचे स्वातंत्र्य उरत नाही. ॲपलच्या नियमानुसार गेम एकदा किड्स श्रेणीत गेला, की नंतर ती श्रेणी सोडली तरी पुढच्या सुधारणांना तेच नियम पाळावे लागतात. म्हणून प्रत्येक सुधारणा पाठवण्यापूर्वी तिसऱ्या टप्प्यात केलेली एसडीकेची यादी पुन्हा उघडा आणि नव्या आवृत्तीत एखादे नाव वाढले आहे का ते पाहा. एखाद्या एसडीकेच्या स्वतःच्या सुधारणेसोबत जाहिरातीचा नवा तुकडा गुपचूप आत येऊ शकतो, आणि तो सर्वांत आधी दिसतो तो तक्रार करणाऱ्या पालकाला.